माधवची आरास आणि बकुळावहिनींचे गुडघे

माधव चिंदरकरला कुठलीही वस्तू दाखवा, तो आधी दोन पावलं मागे सरकतो, एक डोळा मिटतो आणि म्हणतो, "ह्याच्या मागे निळा पडदा पायजे." मग ती वस्तू पाण्याचं पिंप असो, नाहीतर माझी बायको. लालबागेत आमच्या गल्लीच्या गणपतीची आरास तो मिसरूड फुटल्यापासून करत आलाय आणि त्यापायी त्याच्या डोक्यावर कायमचा परिणाम झालाय, असं माझं मत आहे. मी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे हे मत मी त्याला तोंडावर ऐकवतो. तो ऐकतो आणि माझ्यामागे कुठला पडदा शोभेल ते बघत राहतो.

पोटासाठी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. मग लग्नाची स्टेजं सजवायला लागला, तर थर्माकोलवर बंदी आली. दुसरा कोणी खचला असता. माधवने कापड, पुठ्ठा आणि बांबू हाताशी धरले आणि पूर्वीच्याच उत्साहाने लोकांना त्रास द्यायला लागला. माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं उद्घाटन होतं, तेव्हा त्याने 'आत' आणि 'बाहेर' अशा दोन वाटा केल्या. दुकानाला दार एकच. 'बाहेर'ची वाट माझ्या टेबलाखालून जात होती. एक सद्गृहस्थ आधार कार्डाची झेरॉक्स दातांत धरून खरंच रांगत बाहेर पडले आणि वर "सोय चांगली केलीय" असं म्हणाले. चाळीतल्या एका शोकसभेत त्याने गेलेल्या माणसाच्या फोटोमागे फिरतं चक्र लावलं होतं. रडायला आलेली माणसं सेल्फी काढून गेली.

अशा माणसाची बायको फार्मासिस्ट! बकुळावहिनी म्हणजे शब्दाला पक्क्या, औषधाला त्याहून पक्क्या. माझ्या दुकानाच्या भिंतीला लागूनच त्यांचं 'गोमती मेडिकल'. दुकान त्यांच्या वडिलांचं. अरुंद आणि बोळासारखं आत आत गेलेलं. वडिलांच्या काळात गल्लीत साखरेचे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, म्हणून त्या गोळ्या पार मागच्या भिंतीला, माळ्याखाली. पुढे हाताशी ग्राइप वॉटर, बाम आणि शेकायच्या पिशव्या. आता ग्राइप वॉटर महिन्यातून एखादी बाटली जाते आणि साखर, बीपी, थायरॉइडशिवाय गल्लीत माणूस सापडत नाही. पण कपाटं होती तिथेच राहिली. दर गिऱ्हाइकामागे वहिनी बोळाच्या टोकापर्यंत जायच्या, स्टुलावर चढायच्या, उतरायच्या, परत यायच्या. बसायला खुर्ची नव्हती, कारण खुर्ची ठेवली तर जायला वाट उरत नव्हती. माधव रोज संध्याकाळी घरून चहा करून आणायचा. तो चहा फ्रिजवर साय धरेपर्यंत पडून राहायचा आणि मग वहिनी तो उभ्या उभ्या एका घोटात संपवायच्या, काढा घ्यावा तसा.

व्हायचं तेच झालं. गुडघे सुजले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "बसून काम करायची सोय करा. नाहीतर दुकान बंद करा." मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस गाळा भाड्याने मागून गेला होताच. वहिनींनी त्याला नाही म्हटलं, पण तेवढ्या जोरात नाही, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं. शेजारच्या भिंतीतून खोकल्याच्या औषधाचा वास येणार नाही, ही कल्पनाच मला सहन होईना.

लोअर परळहून एक इंटिरियरवाली मुलगी येऊन मापं घेऊन गेली. माधवला ते लागलं. "मी जिवंत असताना माझ्या बायकोचं दुकान दुसरं कोण लावणार? बकुळा, तुला बसायचंय ना? मी आजपर्यंत जेवढ्यांना बसवलंय ना, कुणाची तक्रार नाय आली!"

"ती मातीची होती, म्हणून नाही आली," वहिनी म्हणाल्या. पण नवऱ्याचा पडलेला चेहरा त्यांना बघवत नाही. त्या हो म्हणाल्या.

विसर्जन नुकतंच झालं होतं, मंडळाचे बांबू मोकळे होते. पितृपक्षात काम काढू नये असं चाळीतल्या बायका म्हणाल्या, तर माधव म्हणाला, "नवरात्रात मला टाइम नाय. पितर समजून घेतील, ते पण लालबागचेच आहेत." चार दिवस दुकानाला पडदा लावून आत ठोकाठोक चालली होती. आम्हाला कुणाला डोकावू दिलं नाही. आरास आधी दाखवायची नसते म्हणे.

पाचव्या दिवशी पडदा वर गेला आणि मी जागेवरच बसलो.

दुकानाबाहेर बांबूचे कठडे. त्यांतून दोन रांगा. एकीवर पाटी 'चिठ्ठीवाले'. दुसरीवर 'मुखदर्शन', म्हणजे ज्यांना नुसता भाव विचारायचाय, त्यांनी लांबून विचारून तसंच पुढे सरकायचं. आत कमान. कमानीच्या आत तीन पायऱ्यांचा चौथरा, चौथऱ्यावर उंच पाठीची खुर्ची, खुर्चीमागे, अर्थातच, निळा पडदा. चारही कोपऱ्यांतून फोकस. आणि त्या सगळ्याच्या मधोमध पांढऱ्या कोटात बकुळावहिनी बसलेल्या. मान ताठ, डोळे दिपलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव की मी चटकन चप्पल काढली.

मी एकटाच नव्हे. थोड्याच वेळात बाहेर चपलांचा ढीग झाला. पलीकडच्या चाळीतल्या जाईबाई थायरॉइडची गोळी न्यायला आल्या, त्यांनी वर बघितलं आणि गालात मारून घेतलं. "अगो बकुळा, तुका वर कित्याक बसवल्यान गो? आधी सांगूचा नाय? नारळ घेवन इलंय असतंय!" घसा बसलेल्या एका माणसाला वहिनींनी चघळायची गोळी दिली. ती त्याने उजव्या तळहातावर घेतली, डोळ्यांना लावली आणि मगच तोंडात टाकली. मुखदर्शनाच्या रांगेतला एकजण बामचा भाव विचारायला आला होता, तो हात जोडून भाव न ऐकताच निघून गेला. बाहेर माधव शिट्टी वाजवत "चला, चला, पुढे सरका, मागे वयस्कर माणसं आहेत" करत होता. त्याच्याइतका सुखी माणूस त्या दिवशी मुंबईत नसेल.

पण मी भिंतीपलीकडचा माणूस, मला पायांचे आवाज ओळखू येतात. धप, धप, धप, वहिनी उतरल्या. मग मागे पडद्याआड. मग परत वर, आणि आता मध्ये "आई गं". कारण चघळायच्या गोळ्यांची एक बरणी सोडली तर औषधं सगळी पडद्यामागेच होती! पूर्वी नुसतं चालावं लागत होतं, आता दर पट्टीला तीन पायऱ्या वाढल्या. वर फोकसच्या उष्णतेने चघळायच्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या. दुपारी दुकान बंद करताना वहिनींना शेवटची पायरी उतरताच येईना. त्या तिथेच बसून राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं. मला माधवचा असा राग आला की त्याच्याच बांबूने त्याला हाणावं.

वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "उद्या तुम्ही बसा वर."

"मी? मी काय फार्मासिस्ट आहे?"

"मी खाली उभी राहीन, चिठ्ठी बघेन, औषध मीच देईन. तुम्ही फक्त मी सांगेन ती पट्टी काढून आणायची आणि परत खुर्चीत जाऊन बसायचं. इतकं सोयीचं केलंय ना?"

दुसऱ्या दिवशी माधव खुर्चीत बसला. पहिली चार गिऱ्हाइकं त्याने ऐटीत केली. मग सोमवारची गर्दी लागली. वहिनी खालून गोळीचं नाव सांगायच्या, हा उतरायचा, पडद्यात गुरफटायचा, भलताच खोका आणायचा, परत जायचा. मुखदर्शनाच्या रांगेतले लोक "जोरात, माधव!" म्हणून ओरडत होते. जाईबाईंनी त्याची दमछाक बघून "रवांदे" म्हणत त्याने आणलेला बाम परत केला, तर तो जागेवर ठेवायलाही त्याला उतरावं लागलं. दुपारी तो माझ्या दुकानात आला तो भिंत धरत.

"शिव्या," तो म्हणाला. माझं नाव शिवा, पण त्याला वाईट वाटलं की तो शिव्या म्हणतो. "शिव्या, माझं कायतरी बेसिकमध्येच चुकलंय रे. माझी मूर्ती कधी उठत नाय. इतक्या वर्षांत एक गणपती मागे वळून कायतरी काढायला गेला नाय. मी फक्त बघणाऱ्यांचा विचार केला. बसणाऱ्याचा कधी केलाच नाय."

मी त्याला खूप बोलणार होतो, सगळं तयार होतं. पण त्याने दोन्ही गुडघे धरले होते आणि तो बकुळावहिनींसारखाच हळूच "आई गं" म्हणाला. मी त्याला पाणी दिलं.

पाणी पिऊन तो बराच वेळ माझ्या झेरॉक्स मशीनकडे बघत बसला. कागद आपोआप हातात येत होते. एकदम म्हणाला, "तिने का उठायचं? औषधांनी यावं की!" आणि लंगडत मंडळाच्या गोदामाकडे गेला.

गोदामात एका जुन्या देखाव्यातला तंबाखूचा राक्षस होता. व्यसनमुक्तीचा देखावा होता तो. राक्षस एका गोल फिरत्या पाटावर उभा राहून चारी दिशांना हसायचा. माधवने राक्षस उतरवला, पाट आणि मोटर घेऊन आला. चौथरा फोडला. बांबूचे कठडे मात्र काढू दिले नाहीत, रांग सुंदर आहे म्हणाला. कपाटांचे खण कापून त्याने पाटावर गोल मांडणी उभी केली, वहिनींचा बसल्या बसल्या हात पोचेल एवढीच उंच. या वेळी दोन पावलं मागे सरकला नाही. खुर्चीत स्वतः बसून, डोळे मिटून, हात लांब करून बघत होता. साखर, बीपी, थायरॉइड फिरत्या मांडणीवर. काउंटरच्या खालची फळी काढून गुडघ्यांना जागा केली. फ्रिज खुर्चीच्या डाव्या अंगाला आणला आणि त्याचं दार उलट्या बाजूला बसवलं, म्हणजे इन्सुलिन काढायला उठायला नको. बाम, ग्राइप वॉटर आणि निळा पडदा बोळाच्या टोकाला. खाली शिलाई मशीनच्या मोटरचं पायडल. पाय दाबला की मांडणी फिरणार.

वहिनींनी पाय दाबला. मांडणी झोकात फिरली. आणि दुकान दणाणलं, "हा हा हा! आता तुझी सुटका नाही!"

माधवचाच आवाज होता, बादलीत तोंड घालून रेकॉर्ड केलेला. मोटरची आणि राक्षसाच्या स्पीकरची वायर एकच होती, आणि वायरीला हात लावायला माधव घाबरतो. ते काम करणारा दीपक आता बदलापूरला राहतो, तो रविवारीच येणार. तोवर काय करणार? दुकान तसंच चालू झालं. एका गृहस्थांनी आजूबाजूला कोणी नाही बघून, काउंटरवर वाकून, मूळव्याधीचं मलम मागितलं. वहिनींनी पाय दाबला. "हा हा हा! आता तुझी सुटका नाही!" ते गृहस्थ मलम न घेता गेले ते थेट शीव कोळीवाड्यापर्यंत थांबले नसतील. गल्लीतल्या दोघांनी मात्र भीतीने तंबाखू सोडली. दीपक आला आणि घाईत त्याने आवाज बंद करण्याऐवजी नुसता कमी केला. मग राक्षस कानाशी येऊन कुजबुजल्यासारखं बोलायला लागला, ते तर फारच भयंकर. शेवटी एक वायर कापली तेव्हा राक्षस गप्प झाला.

आणि वहिनी बसल्या होत्या. त्या सगळ्या गोंधळात हे कुणाच्या नीट लक्षातच आलं नव्हतं. गिऱ्हाइकं येत होती, वहिनी पाय दाबत होत्या, हात लांब करत होत्या, पट्टी देत होत्या. भिंतीपलीकडून पावलांचा आवाज येत नव्हता. मोबाइल कव्हरवाला परत आला, तेव्हा वहिनी खुर्चीतूनच "नाही" म्हणाल्या, आणि या वेळी ते मला माझ्या दुकानात स्वच्छ ऐकू आलं.

त्या संध्याकाळी माधव चहा घेऊन आला. आत थेट जायचं सोडून तो मुखदर्शनाच्या रांगेत उभा राहिला. मी म्हटलं, अरे तू कशाला? तर म्हणाला, "नियम म्हणजे नियम." त्याचा नंबर आला. त्याने बांबूवरून कप पुढे केला. वहिनींनी तो घेतला, वाफ निघत होती, खुर्चीला पाठ टेकली आणि एक घोट घेतला. मग कपाकडे बघितलं.

"अहो, तुम्ही चहात एवढी साखर घालता?"

"लग्न झाल्यापासून एवढीच घालतो," माधव गोंधळून म्हणाला. "कधी बोलली नायस!"

"कधी बसून प्यायलेच नाही ना."

माधव दोन पावलं मागे सरकायला गेला, पण मागे जागा नव्हती, म्हणून तिथेच दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत उभा राहिला. वहिनींनी दुसरा घोट घेतला. मला हसू येत होतं.

रांगेत मागे जाईबाई होत्या. त्यांनी त्याच्या पाठीत बोट खुपसलं. "दर्शन झाला असात तर फुडे सर रे माधवा."