शोभाला उन्हात नेलं

आम्ही महाल मोहल्ल्यातून निघालो तेव्हा सायकलरिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. एक ट्रंक, एक वळकटी आणि माझ्या मांडीवर पाच वर्षांची शोभा. शेजारणींनो, तुम्ही सगळ्या दारात आला होतात. आले नाहीत ते फक्त मामंजी. गादी-रजईच्या दुकानात ते पाठ करून कापूस पिंजत बसले होते. मुलगा पिढीजात धंदा सोडून मौदा गावच्या शाळेत शिपाई म्हणून चालला, हे त्यांना सोसवत नव्हतं.

तोवर आमचं बिऱ्हाड त्या दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. खिडकी अरुंद बोळात उघडे, तीही शोभाला वारा लागू नये म्हणून मी बंद ठेवी. तिला दमा होता. छातीतून शिटी वाजायला लागली की पोरगी उकिडवी बसून माझा पदर घट्ट धरायची. मी तिला अंगणातसुद्धा खेळू दिलं नाही. सगळ्यांनी तेच सांगितलं होतं आणि मलाही तेच शहाणपणाचं वाटे.

शेवटी तिला दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीआधी तिचे पाय पाहिले. किंचित बाकदार होते.

"हिला ऊन मिळत नाही का?" त्यांनी विचारलं. "ड जीवनसत्त्व कमी पडलंय, हाडं मऊ राहिलीत. दमा कशानं आहे ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ऊन आणि कापसाविना हवा, दोन्ही हिला हवीत. जागा बदलता येत असेल तर बदला."

हे मामंजींच्या कानावर घातलं तर ते उसळले. "आमी जलमभर रुईतच श्वास घेतला. कोणाले काय झालं गा?"

ह्यांनी खाली मान घातली, पण नोकरीचा अर्ज टाकला.

मौद्याला कौलारू खोली मिळाली आणि पुढं मोकळं अंगण. सकाळचं स्वयंपाकपाणी टाकून मी शोभाला उन्हात बसवायची, डॉक्टरीणबाईंनी दिलेलं माशाचं तेल नाक दाबून पाजायची. पोरगी सावळी झाली. शेजारची राधाबाई हळहळली, "पोरीचा रंग गेला वं!" मला मात्र तो रंग पाहून बरं वाटे. तुमची आठवण दुपारी यायची. महालात त्या वेळेला कुणी ना कुणी पापड लाटायला हाक मारी. इथं मला कोण ओळखत होतं?

पहिल्याच थंडीत शोभाला पुन्हा दमा उठला. भर दुपारी तिला उचलून सरकारी दवाखान्यात धावलो, सुई दिल्यावर श्वास सुरळीत झाला. परतताना हे रस्त्यातच थांबले. "चुकलो का वं आपण? घरही सोडलं अन् पोरगीही तशीच." मी फक्त एवढं म्हटलं, "एक वर्ष तर जाऊ द्या."

वर्ष गेलं. पाय सरळ होत आले. दमा उठायचा, पण अधूनमधून, आणि लवकर ओसरायचा. मग एका सकाळी राधाबाईचं करडू सुटलं आणि शोभा त्याच्यामागे धावली. शेताच्या धुऱ्यापर्यंत, पार बांधापर्यंत गेली, वळली, धावतच परत आली. मी हातातलं पीठ तसंच ठेवून तिच्या छातीला कान लावला. नुसती धडधड. शिटी नाही.

"आई, काहून रडून राहिली? सापडलं ना करडू!"

ऊन, हवा, औषध की वाढतं वय, गुण कशाचा, हे मला आजही सांगता येत नाही. थंडी पडली की अजूनही तिला जपावं लागतं.

गेल्या साली पुतण्याच्या लग्नाला महालात आले. मामंजी आता खूप थकलेत. त्यांनी शोभाला जवळ बसवून घेतलं. कॉलेजात जाणाऱ्या नातीच्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, बरं केलं तुमी." एवढंच बोलले. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं मला.

जाऊबाईंनी आग्रह केला, "राहा ना वं दोन दिवस, आपलंच घर आहे."

"आपलंच आहे," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. "पण उद्या घरी पोचायला पाहिजे. हरभरा निवडायचा पडला आहे."

मौद्याला 'घर' म्हणून गेले आणि मीच चपापले. जाऊबाई हसल्या. त्यांना राग आला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यात लाडू भरून दिले, आणि शोभा व मी मौद्याच्या बसमध्ये बसलो.