राजेश्रीच्या भट्टीतलं सुंठीचं घर

राजेश्रीसारखी बाई आमच्या गल्लीत दुसरी नाही. हे मी कौतुकानं म्हणत नाही, तिच्याशी वाद घालून दमल्यावर म्हणते आहे. चुडाव्याची पोर. लग्न होऊन गंगाखेडला आली तेव्हा भाकरीपलीकडे काही भाजता येत नव्हतं. आज सासऱ्यांची बिस्किटांची भट्टी एकटी चालवते. नवरा, माऊली, साखर कारखान्यावर कामाला. हंगाम सुरू झाला की तो घरात पाहुण्यासारखा.

या भट्टीला दुकान म्हणता येणार नाही. दिवाळीआधी घरोघरच्या बायका मैदा, साखर, तूप डब्यांत भरून आणायच्या आणि समोर बसून नानकटाई करून न्यायच्या. आपलं तूप शेजारणीच्या पिठात जाऊ नये म्हणून पहारा द्यायच्या. मीही दिला आहे. आता आयते पुडे मिळतात, डबे कोण वाहील? म्हणून यंदा दिवाळी सरताच सासऱ्यांनी, महारुद्रांनी, जाहीर केलं की भट्टी पाडायची आणि जागा गल्लीतल्या नागनाथला मोबाईलच्या दुकानासाठी द्यायची. नागनाथ मापं काढायला टेप घेऊन हजरही झाला.

“मामा, संक्रांतीपर्यंत दम धरा,” राजेश्री म्हणाली.

“दिवाळी सोडून भट्टीला काम आनून दाखव. मंग भट्टी तुझी. न्हाई तर नागनाथची.”

काम आलं ते भलतंच. गावातल्या एका इंग्रजी शाळेच्या सुकेशनी मॅडम डिसेंबरात फोनवर फोटो घेऊन आल्या. नाताळच्या कार्यक्रमात स्टेजवर ठेवायचं बिस्किटांचं घर. भिंती बिस्किटाच्या, छपरावर साखरेचा बर्फ. परभणीच्या केकवाल्यानं सांगितलेला भाव ऐकून शाळेनं हात जोडले होते. “थोडक्यात बसवा,” मॅडम म्हणाल्या, “पण कार्यक्रम संपेपर्यंत उभं राहिलं पाहिजे. राहिलं तर मधल्या सुट्टीची बिस्किटं वर्षभर तुमच्याकडूनच घेऊ.”

वर्षभर! राजेश्रीनं फोटोकडे धड पाहिलंही नाही, आधी हो म्हणून मोकळी झाली.

“तुला येतं का असलं?” मी विचारलं.

“मावशी, घर हाय. चार भिंती अन् छप्पर. त्यात न येन्यासारखं काय?”

खर्च तिनं तिथल्या तिथे आटोक्यात आणला. मधाऐवजी गुऱ्हाळावरचा काळा गूळ, जो खायला कुणी घेत नाही. घरातलीच सुंठ आणि दालचिनी. मैद्यात निम्मी कणीक. खिडक्यांच्या काचांसाठी लिंबाच्या गोळ्या कुटून, भाजतानाच त्या भोकांत वितळवायच्या. दाराच्या नक्षीला बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. केकवाल्याला यातलं काही सुचलं नसतं.

पहिल्या घाण्याला मी हजर होते. पत्रा बाहेर आला आणि मला हसू आवरेना. भिंती टम्म फुगलेल्या, खिडक्या मिटलेल्या. इतकी वर्षं नानकटाई केलेला हात; सवयीनं सोडा पडला होता.

“भिंतीला दिवस गेले की गं,” मी म्हटलं.

“हसा! खायला तुमालाच घालते.” आणि घातल्याच. चवीला झकास होत्या.

दुसरा घाणा बिनसोड्याचा. भिंती कशा पाटासारख्या सपाट. पण जोडायच्या कशानं? फोटोतल्या घराला अंड्याच्या पांढऱ्याचा लेप. महारुद्र माळकरी, त्यांच्या भट्टीत अंडं येणं शक्यच नाही. राजेश्रीनं चिक्कीसारखा गुळाचा पाक केला. संध्याकाळी घर छान उभं राहिलं. सकाळी बघतो तर पाक पाघळलेला आणि छप्पर अंगणात पसरल्यासारखं पाटावर पसरलेलं. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी.

तिनं कपाळाला हात लावला नाही. तिचा तो स्वभावच नाही. साखर चुलीवर चढवली. पाडव्याला गाठी करतात तसा पाक करायचा. गाठी महिनाभर खुंटीला लोंबतात, पाघळत नाहीत. डोकं बरोबर चाललं होतं, हात मात्र चालेना. पाक एकदा पातळ राहिला, एकदा पातेल्यातच दगड झाला.

महारुद्र ओट्यावर बसून हे बघत होते. म्हणजे बघत नसल्याचं दाखवत होते. एके काळी पाडव्याला अर्ध्या गावाच्या गाठी त्यांच्या हातच्या असायच्या. तिसरं पातेलं चढलं तेव्हा त्यांना राहवेना.

“काय करायलीस? साखर जाळायलीस का?”

“मंग तुमी सांगा की.”

“सांगून येतंय व्हय? सरक.”

धोतर खोचून ते चुलीपुढे बसले. पाकात दुधाचा हबका मारून मळी काढली, तार बघितली, पातेलं उतरवलं आणि पांढरट होईस्तोवर पाक घोटला. “आता भर! बोलत बसू नगंस!” राजेश्री सांध्यात पाक ओतत गेली. छपराची फळी घसरायला लागली तशी त्यांनी कोनाड्यातली गाठीची दोरी काढली, ओल्या पाकात दाबली, दोन्ही फळ्या तिच्यावर टेकवल्या. दोरी धरून पाक गोठला. गाठीत दोरी कशासाठी असते, तर धरायला. इथेही धरलं.

“आन् असलं उतरतं छप्पर कुनाचं असतंय गं?” ते गुरगुरले. “सपाट माळवद केलं असतं तर इतका ताप न्हवता.”

“मामा, गिऱ्हाइकाला पायजे ते.”

“हं.” ते पुन्हा घोटायला लागले.

शेवटची भिंत हलत होती आणि दोघांचेही हात अडकलेले, नेमका तेव्हाच नागनाथ टेप घेऊन दारात. “काका, शटरचं माप घ्यायचं राहिलंय.”

“टेप ठिव खाली. ही भिंत धर.”

“मी?”

“मंग काय मी मोबाईलला सांगू? धर म्हनतो ना!”

नागनाथनं भिंत धरली. पाक गोठेपर्यंत हलायची सोय नव्हती, तेवढ्यात महारुद्रांनी त्याला सांगून टाकलं, “जागा दुसरीकडं बघ बाबा. पाडव्याच्या गाठी मी कुठं करू, तुझ्या दुकानात?”

राजेश्रीनं मान वर केली नाही. छपरावर पिठीसाखर चाळत राहिली. पण मी तिला ओळखते; चाळणी नको तितक्या जोरात हलत होती.

घर स्टेजवर कार्यक्रम संपेपर्यंत उभं राहिलं. नंतर पोरांना फोडायला दिलं तर फुटेना. मॅडमनी शेवटी शिपायाकडून बत्ता मागवला. शाळेची बिस्किटं आता रोज सकाळी या भट्टीतून जातात आणि महारुद्र मला रस्त्यात गाठून गाठून सांगतात की पाक त्यांचा होता. राजेश्री म्हणते, सांगू द्या. भट्टी माझी हाय.