दुपट्ट्याखालची बोटं

आमच्या वऱ्हाडात 'मारणे' या एकाच क्रियापदावर अख्खा संसार चालतो. माणूस सकाळी चक्कर मारतो, बायको झाडू मारते, पोरगं फोन मारतं, साहेब सही मारतात आणि रिकामा माणूस पारावर बसून गप्पा मारतो. मी मास्तर, म्हणून मी पोरं मारायचो. आता कायद्यानं बंदी आहे आणि हातही दुखतो. सांगायचं एवढंच, की एका क्रियापदावर माझी पंचावन्न वर्षं मजेत निभली असताना सरकारला अचानक वाटलं, या माणसाला इंग्रजीची चार क्रियापदं नीट आली पाहिजेत.

झालं. दिवाळीनंतर बुलडाण्यात दहा दिवसांचं निवासी प्रशिक्षण लागलं. जिल्ह्यातले चाळीस मास्तर, बहुतेक पन्नाशी उलटलेले, एका हॉलमध्ये कोंबले. विषय काय, तर इंग्रजीत कोणत्या नामाला कोणतं क्रियापद लागतं. मेक, डू, टेक, हॅव. गृहपाठ 'डू' करायचा, पण गोंगाट 'मेक' करायचा. फोटो 'टेक' करायचा आणि ताप 'हॅव' करायचा. काऊन? तर इंग्रज तसं म्हणतो म्हणून. नियम नाही, कारण नाही, पाठ करा. जन्मभर पोरांना 'पाठ करा' म्हणत आलो, ते शेवटी आमच्याच बोकांडी बसलं.

पहिल्या दिवशी ज्या मार्गदर्शक बाई आल्या, त्यांना पाहून मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. तिशीतली पोरगी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. सरळ माझ्या बाकाशी आली, वाकून पाया पडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे माझे सर. सहावीत मला इंग्रजी यांनीच शिकवलं." चाळीस डोकी वळली. बाकीच्यांना माझा हेवा वाटला असेल. मला मात्र दरदरून घाम फुटला, कारण सहावीत मी तिला काय शिकवलं होतं ते मला पक्कं आठवत होतं.

तेव्हा मी सोनाळ्याकडच्या एका गावात होतो. ही गुरांच्या बाजारातल्या दलालाची पोरगी. अंगानं काडी, पण नजर अशी की मास्तरनं दचकावं. एकदा गृहपाठात तिनं वाक्य लिहून आणलं, 'आय मेड अ मिस्टेक'. मी लाल पेनानं 'मेड' खोडलं, वर 'डिड' लिहिलं आणि वर्गापुढं अक्कल पाजळली. म्हटलं, "मेक म्हणजे बनवणे. चहा बनवतात, भजे बनवतात. चूक कोणी बनवते काय बे? चूक करतात!" पोरं खो खो हसली. ती हसली नाही. तिनं दप्तरातून पुस्तक काढलं, पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्यापुढं धरलं.

"सर, यात तं असंच हाये."

मी पाहिलं. 'मेड'च होतं, स्वच्छ छापलेलं. समोर अख्खा वर्ग, दारात मुख्याध्यापक कशासाठी तरी येऊन उभे. 'चुकलो' म्हणायला तीन अक्षरं लागतात, पण तोंडातून निघाली नाहीत. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "मास्तरले शिकवतं का वं? हात पुढं कर." तिनं डोळे मिटून हात पुढं केला. दोन छड्या दिल्या, सपासप. तिनं वहीत मुकाट्यानं 'डिड' लिहून घेतलं आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही, एवढं खरं. दुसऱ्या दिवशी लागलं.

तर आता बुलडाण्यात माझ्या डोक्यात मेक-डू काही शिरेना. एकच भुंगा. हिला ते आठवत असेल का? आठवत असेल, तर या चाळीस जणांसमोर काढील का? की तिनं काढायच्या आधी आपणच सांगून मोकळं व्हावं? तिसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर 'मिस्टेक' लिहिलं आणि म्हणाली, "याला मेक." माझ्याकडं पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही की सहज, देव जाणे. चहाच्या सुट्टीत हिंमत करून मी तिच्याजवळ गेलो.

"बाई, एक सांगायचं होतं."

"बोला ना सर."

"चहात साखर जास्त होऊन राह्यली."

दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळा कमी साखरेचा चहा यायला लागला. अगदी बेचव. भोगा आपल्या कर्माची फळं.

दहाव्या दिवशी परीक्षा होती. माझ्या शेजारी बीबी गावाकडचे एक मास्तर बसायचे, वयानं माझ्याएवढेच, पण पाठांतरात वाघ. माझी दशा पाहून ते म्हणाले, "गुरुजी, भ्यायचं काय त्यात? तुमचा दुपट्टा आणा उद्या." गाडीवर कानाला वारा लागू नये म्हणून मी दुपट्टा बांधतो, तो. त्याचं काय करायचं, तर बैलबाजारात दलाल करतात ते. सौदा करताना भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर कापड टाकायचं आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली त्यावरून भाव कळतो, भोवतालच्या गर्दीला फक्त कापड हलताना दिसतं. आम्ही ठरवलं, एक बोट म्हणजे मेक, दोन म्हणजे डू, तीन टेक, चार हॅव. वा रे वा! इंग्रजाची भाषा आणि बैलाची रीत.

पेपर हातात आला. दुपट्टा आमच्या दोघांच्या मध्ये, बाकावर, निरागसपणे पडलेला. पहिले पाच प्रश्न झकास गेले. मी डाव्या हातानं विचारत होतो, उजव्यानं लिहीत होतो. नोकरीत इतकं एकाग्र चित्तानं काम मी कधी केलं नव्हतं. सहाव्याला बाई आमच्या बाकाशी थांबल्या. दुपट्ट्याकडं पाहत राहिल्या. दुपट्टा हलत होता.

ती वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, माह्या बापाचा धंदा माह्याच वर्गात चालवून राह्यले का तुमी?"

बीबीच्या मास्तरांनी इंगळी चावल्यासारखा हात काढला. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. जिचं लहानपण बैलबाजारात गेलं, तिच्याच नाकासमोर आम्ही दुपट्टा पसरला होता! अकलेचे कांदे, दोघंही. तिनं त्यांना उठवून पुढच्या बाकावर बसवलं, दुपट्ट्याची घडी केली आणि आपल्या टेबलावर नेऊन ठेवला. बाकी कोणाला काही सांगितलं नाही. राहिलेला पेपर मी रामभरोसे लिहिला. फक्त एका प्रश्नाचं उत्तर छातीठोक येत होतं. गाळलेली जागा, आणि पुढं 'मिस्टेक'. तिथं मी 'मेक' लिहिलं.

जेवणानंतर निकाल लागला. एकोणचाळीस पास, एक नापास. तो एक कोण, हे सांगायची गरज नाही. आणि नापासाला मे महिन्यात पुन्हा दहा दिवस यायचं.

प्रशिक्षण कोणतंही असो, शेवटी मनोगत असतंच. एकानं उठायचं आणि चहा, जेवण, मार्गदर्शक, हॉलचे पंखे, सगळ्यांचे आभार मानायचे. मागून कोणीतरी चावट ओरडला, "नापासांतर्फे मनोगत होऊन जाऊ द्या!" सगळा हॉल हसला. एकमतानं माझी निवड झाली. मी उठलो ते चहाचे आभार मानायलाच. देवाशपथ, दुसरं काही मनात नव्हतं. पण टेबलावर माझा दुपट्टा दिसला, त्याची नीट केलेली घडी दिसली, आणि चहा डोक्यातून निघून गेला.

मी म्हणालो, "या बाई सहावीत असताना मी यांना दोन छड्या मारल्या होत्या. 'आय मेड अ मिस्टेक' लिहिलं म्हणून. यांचं बरोबर होतं, माझं चूक होतं."

लोक पुन्हा हसले. ती पण हसली. म्हणाली, "असू द्या सर. आठवते मले. पण तुमाले त्या घाईत पुस्तकातली ओळ दिसलीच नाही. मी घरी बापाले पण तसंच सांगतलं होतं, सरच्या ध्यानात नाही आलं म्हणून. तो भांडाले येऊन राह्यला होता शाळेत, मीच अडवलं."

इथं गप्प बसलो असतो तर सुटलो होतो. माफी मागून झाली होती, लोक हसले होते, तिनं मला सोडवायला दारही उघडून दिलं होतं. वीस वर्षं ती पोरगी माझी बाजू घेत आली होती, आणि मला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी माझा स्वतःवर असा संताप झाला की विचारू नका.

"दिसली होती," मी म्हणालो. "ओळ मले दिसली होती बाई. वाचली, समजली, आणि मंग मारलं."

आता कोणी हसलं नाही. बीबीचे मास्तर खाली मान घालून चप्पल चाचपत बसले. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला नीट पाहत होती, असं वाटलं.

मग तिनं टेबलावरून दुपट्टा उचलला आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"सर, हात पुढं करा."

मी डोळे मिटले आणि हात पुढं केला. हातावर कापड पडलं. लोकांना वाटलं, बाई दुपट्टा परत देऊन राह्यल्या. कापडाखाली तिनं माझी दोन बोटं धरली, घट्ट. दोन म्हणजे इथं डू नव्हे, दोन छड्या, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी मान हलवली, कबूल. तशी तिनं थोड्या वेळानं एक बोट सोडलं.

मी वाट पाहिली. दुसरं तिनं सोडलं नाही.