आक्काताईच्या गुरुवारच्या सायकली

आक्काताईच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असायच्या. वयानं नव्हे, पिठानं. नवरा मानसिंग पलटणीत सुभेदार, म्हणून घरची पिठाची गिरणी तीच चालवायची. पट्टा निसटला तर तीच चढवायची, आणि दळण भरड आलं म्हणून कुणी बाई कुरकुरली तर तिचा हिशेब तोंडानं तीच चुकता करायची. माझं सायकलीचं दुकान गिरणीच्या बरोबर समोर. त्यामुळे तिच्याविषयी मी सांगतो त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि निम्मं गिऱ्हाइकांनी आणून दिलेलं. दुसऱ्या निम्म्याची हमी मी देत नाही, पण चव त्यालाच जास्त आहे.

आमचं गाव उंब्रजहून तीन मैल आत. एकाहत्तरची लढाई संपल्यावर मानसिंग रजेवर आला, तो एसटीच्या टपावर लेडीज सायकल टाकूनच. लेकीला उंब्रजच्या हायस्कुलात जायला म्हणून. लेक दीड वर्ष गेली आणि तिचं लग्न ठरलं. सायकल राहिली गिरणीच्या मागच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांखाली.

ती बाहेर काढली राहीबाई कांबळे या नर्सबाईंनी. या आटपाडीकडच्या. वाड्यावस्त्यांवर फिरायला त्यांना सरकारी सायकल होती आणि त्या ती अशा चालवत, की माझ्या दुकानावर बसणारे रिकामटेकडे बोलायचे थांबत. एकदा दळण घ्यायला आल्या असताना त्यांनी पोत्यांखालचं चाक पाहिलं. “ही कुणाची हो?”

“कुणाचीच न्हाई आता,” आक्काताई म्हणाली.

“मग तुमची.”

झालं. शाळेमागच्या खळ्यावर शिकवणी सुरू झाली. आक्काताई पहिल्या दिवशी तीनदा पडली. चौथ्यांदा पडली ती थेट माझ्या दुकानात, पंक्चर बघायच्या घमेल्यात, आणि उठून मलाच म्हणाली, “घमेलं वाटंत ठिवतात व्हय, जालिंदरभावजी?” घमेलं वीस वर्षं त्याच जागी होतं. पण मी बाजूला घेतलं.

महिन्याभरात आणखी दोघी आल्या. प्राथमिक शाळेच्या विजयमालाबाई, सांगलीला शिकलेल्या, गोल पाचवारी नेसणाऱ्या. आणि शिंप्याची बनुबाई, जिला हसू आलं की हँडल सुटायचं, आणि हसू तर सारखंच यायचं. ती माझ्याकडून सायकल न्यायची. परत आणली की सीटच्या स्प्रिंगांची मी आधी विचारपूस करायचो.

दिवस ठरला गुरुवार, कारण गुरुवारी लाईट बंद आणि गिरणीला सुट्टी. उन्हाळ्यात शाळा सकाळची. चार वाजता चौघी निघायच्या, उसाच्या मळ्यांमधल्या गाडीरस्त्यानं तीन-चार मैल जायच्या, कुठल्या तरी झाडाखाली शेंगा खायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. काम काही नाही. गावाला खुपत होतं ते हेच. काम नसताना बायका जातात कुठं? पारावर तर्क चालायचे. दोन-तीन तर्क माझेच होते, कबूल करतो.

आता यात मेख होती सासूची. दगडाबाई. पासष्ट वर्षांची बाई, पण तिनं खाकरलं की गिरणीसमोरची रांग आपोआप सरळ व्हायची. सुनेला तिनं सायकलीची परवानगी दिली होती, अट घालून. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

“हिंड. मी न्हाई म्हणत न्हाई. पर तुझ्यापायी एक जरी बोल माझ्या उंबऱ्यावर आला, तर सायकल इहिरीत टाकीन. आनि मी बोलले म्हंजे बोलले.”

विहीर खरोखर घरामागे होती, आणि दगडाबाईनं याआधी तिच्यात मानसिंगचे पत्ते आणि एक रेडिओ टाकला होता.

आक्काताई चाळिशीला आलेली. लग्न होऊन आल्यापासून चूल, गिरणी आणि नवऱ्याची पत्रं. एकदा चेनला तेल घालताना मी चिडवलं, “काय ठेवलंय गं त्या रस्त्यावर?” वाटलं होतं उलट बोलेल. पण ती म्हणाली, “भावजी, टेकावरनं उतार लागला, की तेवढ्यापुरतं मला कुणीच हाक मारत न्हाई.” मी पुढं चेष्टा केली नाही. तेलाचे दोन थेंब जास्त घातले.

चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलातला गुरुवार. चौघी त्या दिवशी जरा लांब गेल्या, वाघजाईवाडीच्या अंगाला. शिवेजवळ विजयमालाबाईंची पाचवारी चेनमध्ये गेली आणि गुडघ्यापासून खाली फाटली. परतायचं तर गाव ओलांडून, आणि बाई तर शाळेच्या मास्तरीण! त्याच वेळी बनुबाईच्या डोळ्यात चिलट गेलं. डोळा चोळून लाल झाला, दुसरा सोबतीला म्हणून लाल झाला.

“हितं वळखीचं घर न्हाई का कुणाचं?” बनुबाईनं विचारलं.

आक्काताईनं वाडीकडे पाहिलं. घर होतं. दगडाबाईच्या सख्ख्या भावाचं, नाथाजीमामांचं. पण त्या घरात बावीस वर्षं या घरचं कुणी गेलं नव्हतं.

कारण सांगतो, हसू नका. मानसिंगच्या लग्नात मामाचा फेटा. मामा पाठीशी उभा राहणार, तेव्हा पहिला फेटा मामाला, ही आमच्याकडची रीत. दगडाबाईच्या नवऱ्यानं गडबडीत पहिला फेटा बांधला तो मुंबईहून आलेल्या कुणा साहेबाला. नाथाजीमामा अक्षता पडेपर्यंत दगडासारखे उभे राहिले, पडल्यावर न जेवता निघाले आणि मांडवाच्या दारात बहिणीला म्हणाले, “आता तुज्या उंबऱ्याला यीन ते तू मेल्यावर, तुज्या मातीलाच.” दगडाबाई म्हणाली, “ये. मी वाट बगते.” असे दोघे, एकाच आईच्या पोटचे.

तेव्हा त्या घरी जाणं म्हणजे सायकल विहिरीत टाकण्यासारखंच. पण विजयमालाबाई रडवेल्या झाल्या होत्या. आक्काताई म्हणाली, “चला. जे व्हईल ते हू दे.”

यापुढचं मी पाहिलेलं नाही. पण चौघींनी वेगवेगळं सांगितलं आणि चौघींचं जेवढं जुळतं तेवढंच लिहितो.

मामासासऱ्याच्या गावात सून शिरणार, म्हणून आक्काताई वेशीतच उतरली आणि पदर कपाळापर्यंत ओढला. तिचं बघून बाकीच्याही उतरल्या. विजयमालाबाई फाटकं झाकायला वाकून चाललेल्या. बनुबाई पदरानं डोळे टिपतेय. उन्हानं तोंडं सुकलेली, त्यामुळे बोलणं नाही. कुणाच्या हातात खाऊची पिशवी नाही, केळ्याची फणी नाही. आणि वार गुरुवार.

आमच्याकडे कुणी वारलं की दुखाला भेटायला जायचं ते सोमवारी नाहीतर गुरुवारी, बायकांनी मिळून, डोईवर पदर घेऊन, रिकाम्या हातानं. ओट्यावर धान्य पाखडणाऱ्या वाघजाईवाडीच्या बायकांनी हे बघितलं. एकीनं आक्काताईला ओळखलं. दगडाबाईची सून, नाथाजीच्या दारात, बावीस वर्षांनी, गुरुवारी! दुसरं काय असणार? सूप खाली पडलं.

“अगं माज्या दगडाक्का गं! अशी कशी गेलीस गं!”

पण नाव पहिलीनं घेतलं तेवढंच. पुढच्या हंबरड्यात ते बुडालं, चौघींच्या कानी पडलं नाही. नाथाजीमामांच्या बायकोनं, धोंडुबाईनं, दार उघडलं तर अंगणात गल्ली गोळा झालेली. तिनं आक्काताईला बघितलं आणि गळ्यात पडली.

इकडे आक्काताईला वाटलं, या घरातलंच कुणी गेलंय आणि आपण नेमक्या त्याच दिवशी सायकल घेऊन आलोय. दुखाच्या घरात कोण गेलं असं विचारायचं नसतं. ते ठाऊक आहे असं धरूनच यायचं असतं. मग तिनंही गळा काढला. तिचं बघून बनुबाईनं काढला. तिचे डोळे तयारच होते. विजयमालाबाई तर आधीच काठावर होत्या. दोन्ही बाजूंनी दहा मिनिटं मनापासून रडणं चाललं, आणि प्रत्येक बाजू दुसरीच्या मयतासाठी रडत होती.

मग नाथाजीमामा काठी टेकत बाहेर आले. ओसरीवर बसले आणि बायकांपेक्षा मोठ्यानं रडले. “एका फेट्यापायी गं! हातभर कापडापायी मी तुजं तोंड बगितलं न्हाई!”

राहीबाई एकट्याच कोरड्या होत्या. नर्सचा धंदा, मरण जवळून पाहिलेलं. म्हातारा धापा टाकायला लागला तशा त्या पुढं गेल्या, मनगट धरलं आणि कामातल्या आवाजात म्हणाल्या, “बाबा, शांत व्हा. कोण गेलं ते सांगा, आजार काय होता?”

मामा रडता रडता थांबले. “म्हंजे? तुमीच सांगा की. आमची दगडा गेली न्हवं?”

आक्काताईचा हंबरडा मध्येच तुटला. “आत्ती? आवं मामा, आत्ती घरी हाईत. मी निगाले तवा ज्वारी निवडत हुत्या.”

“मग तुमी का रडता?”

“तुमी रडत हुता म्हून!”

पहिलं हसू अर्थातच बनुबाईला आलं, आणि ती सायकलीवर नसल्यामुळे कुणाला इजा झाली नाही. धोंडुबाई डोळे पुसत म्हणाली, “बावीस वर्सं ह्यो मानूस तिचं नाव काडू देत न्हवता. आनि आता बगा, कसा वासरावानी हंबरत हुता.”

मामांनी काठी टेकली आणि ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, “माजं रडून झालंया. तिच्या मातीला जायचं म्हनलं हुतं, तर मनानं मी जाऊन आलो. आता आडकाठी कसली? माजा फेटा आन.”

“मामा, नगा येऊ,” आक्काताईनं हात जोडले. “आत्ती सायकल इहिरीत टाकतील.”

“टाकू दे. माजी इहीर तिच्या इहिरीपेक्षा खोल हाय, त्यातनं बी मी बादल्या काडल्यात.”

धोंडुबाईनं विजयमालाबाईंना स्वतःचं नऊवारी नेसवलं, काष्टा मारून. त्या दिवसापासून त्या बाईंनी सायकलीवर पाचवारी नेसली नाही.

इथून पुढचं मात्र माझ्या डोळ्यांदेखत. रडारड ऐन भरात असतानाच वाघजाईवाडीचा सयाजी दुधाच्या किटल्या घेऊन निघाला होता. तो माझ्या दुकानाशी उतरला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, “लय वाईट झालं गड्या. दगडाबाई गेल्या.”

मी समोर बोट दाखवलं. दगडाबाई गिरणीच्या ओट्यावर ज्वारी निवडत होती. तिचे कान तेव्हाही शाबूत होते. “कोन गेलं रं, सयाजी?” म्हणाली. सयाजीनं खरं सांगितलं. खोटं बोलायला त्याच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. कुठं रडणं चाललंय, कोण कोण आलंय, सायकली किती आहेत, सगळं सांगितलं आणि किटल्या तिथंच टाकून गेला.

म्हणजे बोल उंबऱ्यावर आला होता, आणि साधा नव्हे. दगडाबाईनं सूप बाजूला ठेवलं, लुगडं सारखं केलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. मी दुकान लवकर बंद करणार होतो. केलं नाही.

दिवस कलताना सायकली वळणावर आल्या. पुढं आक्काताई, घामानं चिंब. मागे कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला, डोक्याला लाल फेटा, हातात काठी आणि डोळे गच्च मिटलेले, नाथाजीमामा. बनुबाई मागून ओरडत होती, “मामा, डोळं उगडा, गाव आलं!”

आक्काताईनं सायकल ओट्यापाशी थांबवली. पाय टेकला, पण मान वर करेना. हँडल तिनं दोन्ही हातांनी असं धरलं होतं, की जणू तेच कुणी आता काढून नेणार.

दगडाबाईनं भावाला पायापासून फेट्यापर्यंत बघितलं. “कशाला आलास?”

“तुज्या मातीला.”

“मग जरा लवकर झालं.”

“बसतो की मग. थांबतो.”

ती उठली. मला वाटलं आता काठी. तिनं भावाचा फेटा दोन्ही हातांनी नीट केला, तो वाऱ्यानं एका कानावर आला होता. “बांदायला बी येत न्हाई अजून,” म्हणाली, आणि नीट झालेला फेटा पुन्हा नीट करायला लागली. मी माझ्या पंपाचं काहीतरी करायला लागलो. अशा वेळी माणसानं काहीतरी करावं.

चहा झाला. गल्ली दारात जमलेली. मग दगडाबाई सुनेकडे वळली. “मी काय म्हनले हुते सायकलीचं?”

“बोल आला तर इहिरीत.” आक्काताईनं खाली बघतच सांगितलं. “चूक माजीच हाय आत्ती. मी त्या घरात जायाला नको हुतं.”

“चूक तुजी हाय. घरात गेल्याची न्हाई. वाराची.” दगडाबाईनं सगळ्या गल्लीवरून नजर फिरवली. “गुरुवारी पदर घिऊन रिकाम्या हातानं कोन जातं गं? शिकवलं न्हाई मी तुला? लोकांनी मला जित्तीपनी रडून घेतलं! आता गुरुवार बंद. इतवारी जायाचं, आनि ज्याच्या घरी जायाचं त्याच्यासाटी पिशवीत कायतरी घिऊन जायाचं.”

“इतवारी गिरनी असती, आत्ती.”

“गिरनीवर मी बसते.”

बनुबाईनं हसून नर्सबाईंच्या पाठीत असा हात मारला, की राहीबाईंची सायकल आडवी झाली.

पुढच्या रविवारी चौघी निघाल्या, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि कॅरिअरवर परत जाणारे नाथाजीमामा. दगडाबाई गिरणीवर बसली. अकरा वाजेपर्यंत तिनं दोघींची ज्वारी तिसरीच्या गव्हावर दळली, पिठात पीठ मिसळलं. त्या तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या, “आक्काताई कवा यील वं?”

मी समोर विचारायला गेलो, तर दगडाबाई पांढऱ्या भुवयांनी माझ्याकडे बघून म्हणाली, “दिवस मावळल्यावर. तिला हिंडू दे. आनि त्यास्नी सांग, भाकरी करून बगा आदी, मग बोला.”