महादेवीला मी थांबवत गेले

हे अजून कुणाजवळ बोललेले नाही. बोलणं मला तसंही जमत नाही, म्हणून लिहिते आहे — आणि लिहितानाही दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले.

सात रस्ता चौकाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. मी तिथे शिकवते. इंग्रजी माध्यमातली, व्याकरण पक्कं, म्हणून मला घेतलं. शाळेत मात्र मी बाकावरून क्वचितच उठले. उत्तर डोक्यात बरोबर असायचं. तोंडापर्यंत यायचं नाही. अशा मुलीने दुसऱ्यांना बोलायला शिकवायचं — गंमतच, नाही का?

महादेवी सीमेलगतच्या मैंदर्गी गावाहून एसटीने यायची. घरी शेरडं, बोलणं अर्धं कन्नड. चिंचोळीतल्या एका कारखान्यात रिसेप्शनवर जागा निघणार होती. ती मिळावी एवढ्यासाठी तिने क्लास लावला होता. पहिल्याच आठवड्यात उभी राहिली आणि त्यांचं एक शेरडू एसटीत कसं चढलं, कंडक्टरने त्याचं हाफ तिकीट कसं मागितलं, ते सांगत सुटली. सगळं इंग्रजीत. काळ चुकत होते, क्रियापदं चुकत होती, मध्येच एखादा कन्नड शब्द. वर्ग हसून हसून बाकांवर लवंडला. मी विचारलं, किती चुका झाल्या, कळतंय का?

"कळतंय की, मॅडम. पण शेरडू कळलं न्हवं समद्यांना?"

पुन्हा हशा. मला हसू आलं नाही. काय आलं — ते मला तेव्हाही ठाऊक होतं. इतके दिवस मी शिकवत होते. माझ्या एकाही वाक्याने तो वर्ग असा हलला नव्हता.

मग मी तिला थांबवू लागले. इतरांना मी वाक्य पुरं करू द्यायचे, चूक नंतर सांगायचे. तिला मात्र मध्येच. अगदी हळू आवाजात. परत म्हण. नाही, पहिल्यापासून. बघणाऱ्याला वाटावं, मॅडम हिच्यावर किती मेहनत घेतात! तिलाही तेच वाटायचं. एकदा घरची शेंगाचटणी घेऊन आली माझ्यासाठी. मी नेली. खाल्लीही.

असं थांबवल्याने काय होतं, ते मला माहीत नव्हतं — असं म्हणू? तिसरीत एका बाईंनी मला असंच शब्दाशब्दाला थांबवलं होतं. मला नेमकं माहीत होतं. आधी आवाज बारीक होतो. मग माणूस प्रत्येक वाक्य मनात जुळवून पाहतं. मग जाऊ दे म्हणून खाली बसतं. महादेवीचं याच क्रमाने झालं. मी समोर उभी राहून पाहत होते, आणि तरीही थांबवत होते.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी ती आली. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली होती.

"पण मॅडम, चूक एक बी केली न्हाय," ती म्हणाली. "येस, नो, येवढंच. बाकीचं मनात जुळवीस्तोवर साहेब फुडच्या प्रश्नावर."

पुढच्या वेळी होईल, असं मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

ती हसली — तोंडावर हात धरून. तसं मी हसते. ती आधी तशी हसत नसे.