लय वाढते ती जागा

नात्यात कुठेही लग्नानंतरचा गोंधळ असला की आत्या हळदीला, जेवणाला सगळ्यांच्या पुढे असायची. गोंधळी घरात आले की मात्र उठून शेजारच्यांकडे जाऊन बसायची. संबळाची सुरुवातीची संथ लय तिला चालायची. पुढे एका जागी गोंधळी लय एकदम दुप्पट करतात. तिथे तिचे खांदे उडायला लागायचे, केस सुटायचे, आणि मग ती आमची आत्या राहायची नाही. बायका धावत जाऊन तिच्या कपाळाला हळदकुंकू लावायच्या, हात जोडून म्हणायच्या, "आई, शांत हो." तेवढं केलं की देवी दोन मिनिटांत उतरायची. नाही केलं तर किती वेळ चालेल याचा नेम नसायचा.

"डीजे लावा, ढोल लावा, मला काय बी हुत न्हाय," ती म्हणायची. "पर संबळ असला तर आदी सांगत जावा मला."

आम्ही सगळे न विसरता सांगायचो.

नवऱ्याने सोडल्यापासून आत्या आमच्याकडेच राहायची आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायची. संध्याकाळी यायची तेव्हा केसांत, भुवयांत कापसाचे बारीक तंतू बसलेले असायचे आणि खोकला थांबायचा नाही. मी नववीत असताना तिला माझ्याच शाळेत मावशी म्हणून काम मिळालं. निळी साडी, गळ्यात फोटोचं ओळखपत्र. ते ओळखपत्र ती घरी आल्यावर देवघराच्या खिळ्याला अडकवायची. प्रिन्सिपल मॅडमनी तिला सांगितलं होतं की जूनपर्यंत बघू, मग कायम करू.

"जूनपर्यंत एक तक्रार याला नगं," ती भाकरी थापताना म्हणायची. "परत त्या कारखान्यात न्हाय जायाचं मला. तितं छाती भरती माजी."

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मी फारसं बोलत नसे. बोलले की चूक होईल, आणि गप्प राहिलं की कोणाच्या नजरेत येत नाही, हे मला लवकर कळलं होतं. आत्याने ते आठवड्याभरात संपवलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या त्या टोकावरून ती माझ्या घरच्या नावाने हाक मारायची. "डबा खाल्लास का गं? दाव बगू."

"कोण आहे ती?" एका मुलीने विचारलं.

"आमच्याकडे कामाला होती," मी म्हणाले.

मग रोज सुरू झालं. "ए, तुझी बाई आली बघ, नाक पुसून घे." एकदा तर त्या मुलीने आत्यालाच विचारलं, "मावशी, तुम्ही हिच्या घरी भांडी घासायच्या ना?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"व्हय की," ती म्हणाली. "भांडी बी घासली, हिला बी घासली. तरी बगा की, काय फरक न्हाय पडला."

मुली खिदळल्या. माझं खोटं तिने सांभाळून घेतलं होतं, आणि घरी पप्पांनाही सांगितलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला तिचा राग आला, कारण आता तिला माहीत होतं.

डिसेंबरात गॅदरिंग. आमच्या वर्गाला गोंधळाचा डान्स आला. मिसनी नेटवरून एक ट्रॅक आणला होता, पण तो की-बोर्डवर वाजवलेला. "कोणाकडे ओरिजनल आहे का?" त्यांनी विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा मी हात वर केला. चुलतभावाच्या लग्नातला गोंधळ पप्पांच्या मोबाइलमध्ये होता. मिस खूश झाल्या. गाणं लांब होतं, कुठला तुकडा ठेवायचा ते त्यांना कळेना. लय वाढते ती जागा मी दाखवली.

गॅदरिंगला पडदा ओढायचं काम आत्याकडे आहे, हे मला तेव्हा माहीत होतं.

प्रॅक्टिस तिसऱ्या मजल्यावर दार लावून चालायची, आत्या खाली नर्सरीच्या पोरांत. घरी तिने विचारलं, "कसला डान्स हाय गं तुमचा?"

"फोक डान्स."

"म्हंजी कोळ्याचा?"

"तसलाच."

दुपारी चारला आमचा नंबर आला. मिसनी फोटोत उठून दिसावं म्हणून सगळ्यांच्या हातात ताटं दिली होती, त्यांत खरं हळदकुंकू. आत्याने पडदा उघडला, दोर धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून हसली. संबळ सुरू झाला. पालकांचं बोलणं थांबलं. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी चपला काढून हात जोडले. माझ्याही अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या स्पीकरवर मी तो कधी ऐकला नव्हता.

मग लय वाढली. आत्याच्या हातातून दोर सुटला. केस मोकळे, डोळे वर, घुमत घुमत ती स्टेजच्या मधोमध आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे डान्समध्येच आहे. शिट्ट्या आल्या, मोबाइल वर झाले. तिचा हात एका मुलीच्या तोंडावर बसला आणि ओठातून रक्त आलं, तेव्हा टाळ्या थांबल्या.

"फिट आली आहे! होल्ड हर!" मॅडम ओरडल्या. पीटीच्या सरांनी तिला खाली दाबलं, पायातला बूट काढला आणि तिच्या नाकाला लावला. जिच्या पाया घरातली म्हातारी माणसं पडायची, तिच्या नाकाला. संबळ चालूच होता, कारण साउंडवाला शूटिंग करत होता.

ती माझ्यापासून तीन पावलांवर होती. काय करायचं ते त्या हॉलमध्ये एकट्या मला माहीत होतं, आणि ताट माझ्या हातात होतं. पण पुढे गेले असते तर ती माझी कोण, हे सगळ्यांना कळलं असतं.

संगीताने माणसाचं भान जातं म्हणतात. माझं गेलं नव्हतं. मी ताट सरळ धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आत्याच्या अर्जावरच्या नंबरवर पप्पांना फोन करून सांगितलं की मुलांच्या शाळेत असा आजार चालणार नाही. त्या संध्याकाळी आत्या कारखान्याच्या मुकादमाला भेटून आली. सोमवारपासून ये म्हणाला होता. स्टेजवर दाबल्याने तिचा गाल अजून सुजलेला होता. ताट वाढून ठेवलं होतं, पण तिने आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.

"संबळाचं कुनाला सुचलं गं?" तिने विचारलं.

"मिसना."

"त्यांस्नी काय ठावं बिचाऱ्यांस्नी." तिने ताट बाजूला सरकवलं. मग माझा हात धरला. "तुज्या शाळंत समद्यांच्या म्होरं तुजी लाज घालवली मी. पोरी हसत असतील तुला. रागवू नगं."

"असू दे आत्या," मी म्हणाले. "होतं असं."

तेव्हा कुठे ती जेवायला बसली.