एकशेवीसचा काटा

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण मळवली ते लोणावळा टेम्पो मी उभा जन्म चालवला. पुढं एकदा छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, पण बेतानं, दम लागता कामा नये. बेतानं चालणं मला कधी जमलंच नाही. पुढं कोणी दिसला की त्याला मागं टाकल्याशिवाय पायाला चैन पडत नाही.

लेकाला हे ठाऊक. तो म्हणाला, "आबा, यंदा जत्रंला डोंगरावर चालत यायचं न्हाई. तुमी जीपनं या."

गावची देवाची काठी वर निघते तेव्हा तिच्या पुढं आमच्या घरचा थोरला चालतो. जीपनं जायला मी काय पाहुणा?

सून तळेगावला कंपनीत मोबाइलवरचं व्यायामाचं अ‍ॅप बनवते. तिनं ते माझ्या फोनात घालून दिलं. त्यात वेग दिसायचा, पण बारक्या आकड्यांत. चालताना चष्मा कोण लावतो?

"टेम्पोला असतो तसा काटा बसव," मी म्हणालो.

"आबा, ऑफिसात विचारावं लागेल."

"इचार की. सांग, सासरा ऐकत न्हाई."

तिनं बसवला. गोल तबकडी, माझ्या हट्टाप्रमाणं एकशेवीसपर्यंत. मी बांधावरनं तरातरा निघालो, तर काटा शून्याला चिकटलेला.

"काटा जाम झालाय," घरी येऊन मी सांगितलं.

सून हसायची थांबेना. "आबा, तुम्ही काय डिझेलवर चालता? माणसाला दहापर्यंत पुष्कळ झालं."

"मग दहाचा कर. मी टेम्पोचं सांगितलं, ते बरोबरच हुतं."

नव्या तबकडीत बेताच्या चालीला हिरवा पट्टा आला, पुढं लाल. काटा लालात गेला की फोन थरथरायचा. महिनाभरात पाय हिरव्यात बसले.

जत्रेच्या सकाळी फोन लेकाच्या हातात दिला. "माझ्या बरोबरीनं चाल. काटा लाल झाला तर घाल मला जीपमधी."

चढाला मागनं ढोल तापला. पायांना पळायची खाज सुटली, पण मी चाल मोडली नाही. लेक मात्र ढोलाच्या नादानं चार पावलं पुढं गेला आणि त्याच्या हातात फोन थरथरला.

"जा," मी मागून म्हणालो, "तू जीपनं ये."

काठीवाले हसले. वर पोचलो तेव्हा छातीत एवढा दम शिल्लक होता, की देवाच्या नावानं चांगभलं मीच पुकारलं.